एक शेड उजळ

मेकअपच्या व्हॅनमध्ये आरशासमोरच्या उंच खुर्चीवर आजीच्या मांडीत बसलेल्या गोटीला आरशातलं दुसरं बाळ भलतंच आवडलं होतं. ती त्याला बघून हसायची, मग ते हिला बघून हसायचं. दात यायच्या वयातल्या जिवाला करमणुकीला आणखी काय लागतं! मागे उभी असलेली तिची आई मात्र आरशात बघतच नव्हती. तिची नजर मेकअपताईंच्या हातातल्या चपट्या डबीवर खिळली होती. डबीत रंग होता, आणि तो गोटीच्या अंगाचा नव्हता हे झाकण उघडल्याबरोबर कुणालाही कळलं असतं.

"हा कुणासाठी?" तिनं विचारलं.

मेकअपताईंनी ब्रश पुसायला घेतला, तोही स्वच्छ असलेलाच. तेवढ्यात दारातून एक डोकं आत आलं. ज्याच्या कमरेचा वॉकीटॉकी दिवसभर खरखरत असायचा, तो दिग्दर्शकाचा सहायक. त्याला नाव असणारच, पण सेटवर सगळे त्याला वॉकीवालाच म्हणत.

"ताई, सर विचारतायत किती वेळ. एक शेड उजळ म्हणालेत, फार नाही."

"उजळ? कोण उजळ?" गोटीच्या आईनं विचारलं.

"बेबी," वॉकीवाला म्हणाला आणि डोकं आलं तसंच बाहेर गेलं.

झालं होतं असं. सिनेमा होता डोंगरातल्या लोकांच्या बंडाचा. गोऱ्या अंमलदारांविरुद्ध पणज्या-खापरपणज्यांच्या काळात झालेल्या त्या बंडाचं मुख्य पात्र होती एक बंडखोर बाई, कडेवर तान्हं मूल घेऊन लढलेली. ती डोंगरातलीच, गोटीच्या आजीच्या वस्तीवरच्या लोकांसारखीच काळी. सिनेमात ती झाली होती एक नावाजलेली हिरॉईन. हिरॉईन दुधासारखी गोरी, म्हणून रोज सकाळी तिला तपकिरी रंगवत, पण बेतानंच. तो रंग कॅमेऱ्यासमोर तपासून केव्हाच ठरवून टाकलेला होता. त्या रंगात अर्धाअधिक सिनेमा झाला होता, पोस्टरंसुद्धा लागली होती.

आणि आज सकाळी तालमीला गोटीला पहिल्यांदा तिच्या कडेवर दिलं. गोटीनं आधी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, मग पुढे होऊन तिची हनुवटीच तोंडात घेतली. "अगं बाई, ही मला खातेय!" हिरॉईन हसत ओरडली. सगळेच हसले. हसणं ओसरलं तेव्हा हिरॉईनच्या हनुवटीवर नाण्याएवढा गोरा ठिपका उघडा पडला होता आणि गोटीचे ओठ तपकिरी झाले होते. दिग्दर्शक मात्र हसला नव्हता. तो समोरच्या पडद्यावर बघत राहिला होता. पडद्यावर बाळाशेजारी बंडखोर बाई शहरातून पाहुणी म्हणून आल्यासारखी दिसत होती.

आता सिनेमातल्या आईचा रंग बदलता येत नव्हता. मग लेकीचा बदलायचा.

"त्रास काही होत नाही हं," मेकअपताई म्हणाल्या. त्यांनी बोटभर रंग स्वतःच्या मनगटावर फासून दाखवला. "लहान मुलांचाच आहे. पाण्यानं निघतो."

"निघतो ना? मग झालं तर," गोटीला मांडीत घेऊन बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "अगं, पावडर तर लावायची. घरी काय लावत नाही का आपण?"

गोटीच्या आईच्या अंगावरून वर्षानुवर्षांचे हात फिरत गेले. लहानपणी दर रविवारी मावशी तिला मोरीत बसवून पीठ आणि साय लावून घासायची, घासून घासून कातडी लाल व्हायची, आणि मावशी म्हणायची, "बघ, आलं की नाही तेज?" शाळेच्या नाटकात तिला दरवर्षी राक्षसाच्या सैन्यातच उभं करायचे. लग्न ठरताना फोटो काढणाऱ्यानं आपण होऊनच फोटो उजळ करून दिला होता, आणि ती स्वतःलाच ओळखू न येऊन कितीतरी वेळ बघत बसली होती. गोटी झाली तेव्हा बघायला येणारं प्रत्येक माणूस दुपट्यात डोकावून म्हणायचं, "नाक छान आहे हो!" सगळे नाकावरच थांबायचे. त्या दिवसांत एकदा गोटीला पाजताना, त्या काळ्याभोर, तुकतुकीत गालाकडे बघत तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की हिला कुणी घासणार नाही. कुणीही नाही.

आणि इथं एक बाई हातात ब्रश घेऊन उभी होती.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?" सासूबाईंनी मान वळवली.

"रंग नको लावायला, आई."

"अगं, वेड लागलं का तुला? सगळ्या वस्तीला सांगून आलेय मी! आपली गोटी सिनेमात, आणि तीही बंडखोर बाईची लेक!" सासूबाईंचा आवाज कापला. "माझ्या आयुष्यात आपल्यातलं माणूस पडद्यावर दिसलंय कधी? दिसलं तर चोर म्हणून, नाहीतर ओझी वाहणारा म्हणून. आणि तू एवढ्याशा पावडरीसाठी..."

त्यांचंही चुकत नव्हतं. या सिनेमावर त्यांचाही थोडा हक्क होता. सिनेमा लिहिणारी मंडळी वस्तीवर आली तेव्हा त्यांना सगळं सांगितलं होतं ते सासूबाईंनीच. धान्याची पेवं कशी खणायचे ते सांगितलं, अंगाई गाऊन दाखवली. आणि रांगेची गोष्टही सांगितली होती.

रांगेची गोष्ट वस्तीवरच्या प्रत्येक पोरीनं ऐकलेली असते. बंडखोर बाई हाती लागेना, पण तिचं मूल लागलं. तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यानं गावातल्या बायका रांगेत उभ्या केल्या आणि ते मूल समोर आणून उपाशी रडवलं. जिला पान्हा फुटेल ती आई. ती रांगेतच होती, आणि तिला पान्हा फुटलाही. पण तिच्या शेजारणीनं डोक्यावरची घागर आपल्याच छातीवर ओतली. मग पुढचीनं, मग तिच्या पुढचीनं. बघता बघता सगळी रांग ओली. अधिकारी या टोकाकडून त्या टोकाकडे फिरला, आणि कुणाला धरायचं तेच त्याला कळेना.

लिहिणाऱ्यांनी अंगाई घेतली, पेव घेतलं, रांग सोडून दिली. सिनेमात बाई आपल्या बाळाला घेऊन एकटीच पेवात लपते, आणि वर रांगेतल्या बायका नुसत्या माना खाली घालून उभ्या राहतात. सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं, "आजी, हिरॉईन एकच असते."

दारात या वेळी दिग्दर्शक स्वतः उभा होता. ओरडणारा माणूस नव्हता तो. त्याचा आवाज मऊ होता आणि डोळे झोप न झाल्यासारखे तांबारलेले.

"काय अडचण आहे, ताई?"

"रंग नाही लावायचा हिला," गोटीची आई म्हणाली. आपला आवाज इतका बारीक का निघतोय याचाच तिला राग आला.

"हे बघा, तुमच्याच लोकांची गोष्ट आहे ही. म्हणून तर आम्ही डोंगरातलीच माणसं घेतली, सगळीकडे अभिमानानं सांगतोय तसं. तुमचं बाळ मोठ्या पडद्यावर दिसेल."

"मग रंग कशाला?"

"दोघी मायलेकी वाटायला हव्यात ना?"

"मग आईला लावा."

मेकअपताई डबीचं झाकण फिरवत राहिल्या. गोटी आरशातल्या बाळाशी काहीतरी बोलली.

"आईचा रंग ठरलाय," दिग्दर्शक म्हणाला. "आता बदलला तर आधीचं सगळं वाया जाईल. समजून घ्या. अंगणातलं ऊन तासाभरात जाणार, आणि उद्या हा सेट मोडतोय." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "माझ्याकडे बाहुली आहे. पण मला बाहुली नकोय, मला ही हवीय. काय करू?"

हे विचारणं खरं होतं, तेच तिला जड गेलं. तो ओरडला असता तर सोपं होतं. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, मेकअपताई बघत होत्या, आणि आरशातून स्वतःचीच हसणारी लेक बघत होती. हो म्हणायला काय लागतं? पाण्यानं निघतो. पण ही गोटी मोठी होईल, कधीतरी हा सिनेमा बघेल, आणि विचारेल, आई, ही कोण गं?

"बाहुली घ्या," ती म्हणाली.

गोटीला उचलून सासूबाई तडक खाली उतरल्या. व्हॅनच्या पायऱ्यांवर त्यांचे पाय जरा जास्तच वाजले.

मेकअपताईंनी कोपऱ्यातल्या पेटीतून बाहुली काढली. गुलाबी, रबराची, डोळे मिटलेली. तिला मांडीवर घेऊन त्यांनी त्याच डबीतला रंग तिच्या गालांना लावायला सुरुवात केली. "ही बरी," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "हिची आई येत नाही भांडायला." मग हळूच, मान वर न करता, "माझ्या वेळी माझी आईही भांडली असती गं. पण तेव्हा कुणाला सुचलं नाही."

गोटीच्या आईनं पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. केसांच्या रेषेशी, जिथं ब्रश पोचला नव्हता तिथं, मेकअपताईंचा स्वतःचा रंग दिसत होता. तिच्याइतकाच काळा.

*

गोटीची आई सिनेमातल्या रांगेतही होतीच. डोंगरातल्या बायकांची रांग, त्यातली एक. बाळाचं काम गेलं म्हणून रांगेतलं गेलं नव्हतं.

"बेबीच्या आई! जागेवर!" वॉकीवाला ओरडला.

"दोन मिनिटं. पाजून घेते. वेळ झालीय तिची."

"शॉट झाला की पाजा. ऊन चाललंय."

"तिला कळतं का ऊन?"

"सरांना कळतं," तो म्हणाला आणि पुढे पळाला.

सेटवरचं अंगण खऱ्या अंगणासारखं सारवलेलं होतं. बायकांच्या डोक्यावर मातीच्या घागरी होत्या आणि त्यांत खरंच पाणी होतं, कारण रिकामी घागर घेऊन उभं राहणाऱ्या बाईची मान खोटी दिसते असं दिग्दर्शकाचं म्हणणं होतं. तिच्या शेजारी उभ्या होत्या वस्तीवरच्याच एक बाई, ज्यांना सगळे थोरल्या मावशी म्हणत. उन्हानं रापलेल्या, दातांत फट असलेल्या, आणि तोंडानं कुणालाही न सोडणाऱ्या.

"काय गं, मोठ्या माणसाशी भांडून आलीस म्हणे?"

"भांडले नाही, मावशी."

"सासू तिकडं तोंड पाडून बसलीय. नवऱ्यानं टाकल्यासारखी." मावशींनी घागर सावरली. "मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मला लावा. एक शेड काय, पाच शेड लावा. या वयात तरी कुणी बघेल!"

पुढच्या दोघीतिघी खुसखुसल्या. तीही हसली असती, पण छाती दगडासारखी जड झाली होती आणि झंपराचा काठ रुतत होता.

समोर गोऱ्या अधिकाऱ्याचा पोशाख घातलेला नट उभा होता. भला माणूस. सकाळी त्यानं गोटीला टोपी झाकून-काढून पाऊण तास खेळवलं होतं. आता तो स्वतःशी ओठ हलवत संवाद पाठ करत होता. एक कॅमेरा त्याच्यावर आणि रांगेवर. दुसरा बाजूच्या पेवात, जिथं हिरॉईन बाहुलीला छातीशी धरून गुडघे मोडून बसली होती. दूर, रांगेवर ऊन फेकणाऱ्या चमकत्या पांढऱ्या पत्र्यांच्या मागे, सासूबाई गोटीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होत्या. सुनेकडे त्या मुद्दाम बघत नव्हत्या.

"शांतता!" मग वॉकीटॉकीची खरखर, मग पाटीचा टक्कन आवाज. "ॲक्शन!"

अधिकाऱ्याचे बूट वाजायला लागले. रांगेनं माना खाली घातल्या.

"कुठंय ती?" अधिकारी म्हणाला. आवाज एवढा बदलला होता की सकाळचा टोपीवाला माणूस हाच, हे खरं वाटेना. "बोला. कुठं लपवलीय?"

बूट एकेका बाईपुढे थांबत, पुढे सरकत. आणि तेव्हाच पत्र्यांच्या मागून आवाज आला. आधी एक कुरकुर, मग थांबलेला श्वास, तो आईलाच कळतो असा, आणि मग गोटीनं भोकाड पसरलं.

आता कट म्हणतील, तिला वाटलं. कुणी म्हटलं नाही.

भूक लागलेल्या बाळाचं रडणं कानानं ऐकायचं नसतंच. ते थेट आत जातं. तिच्या छातीत आधी मुंग्या आल्या, मग ओढ, मग कळ. तिनं दात आवळले. घागरीवरचे हात घट्ट केले. काही उपयोग झाला नाही. पान्हा फुटला. झंपरावर दोन ओले ठिपके उमटले आणि पसरत गेले, सगळ्यांच्या देखत, उन्हात, कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर. लाजेनं तिचे कान पेटले. खाली वाकावं, पदर ओढावा, पळत सुटावं, आणि पोरीला उचलावं.

बूट तिच्यापुढे थांबले होते.

नटाची नजर तिच्या छातीवर गेली आणि झटकन वर आली. त्याचा पुढचा संवाद हरवला, तिला तो हरवताना दिसला. त्यानं मागे पत्र्यांच्या दिशेनं एकदा कान दिला, परत तिच्याकडे पाहिलं, आणि जे सुचलं ते बोलला.

"कुणाचं आहे ते मूल?"

हा प्रश्न त्याला कुणी दिलेला नव्हता. पण रांगेतल्या प्रत्येक बाईनं तो ऐकलेला होता. आईकडून, आजीकडून, जेवताना, झोपताना. गोटीच्या आईच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिला वाटलं, आपले पाय आपले नाहीत, आणि ही जमीनही सेटची नाही.

गोटी रडत होती. उभं राहणं इतकं अवघड असतं हे गोष्टीत कुणी सांगितलं नव्हतं. गोष्टीत सगळ्या बायका शूर होत्या आणि पाणी गार होतं. लेक रडत असताना हलायचं नाही, वळायचं नाही, डोळ्यांतून काही सांडू द्यायचं नाही, हे त्या बाईनं कसं केलं असेल? ती हलली असती तर धरली गेली असती. आपण हललो तर काय होईल? काहीच नाही, एक शॉट वाया जाईल. आणि तरीही तिचे पाय निघेनात.

शेजारी काहीतरी हललं. थोरल्या मावशींनी डोक्यावरची घागर दोन्ही हातांनी उतरवली, गुपचूप, चेहऱ्यावरची सुरकुती न मोडता, आणि स्वतःच्या छातीवर ओतली.

पाणी जमिनीवर पडल्याचा आवाज त्या शांततेत फार मोठा झाला.

मग पलीकडची. मग तिच्या पलीकडची, जी नवखी पोर होती आणि जिचं लग्नही झालं नव्हतं. मग उरलेल्या सगळ्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, कुणी कुणाला खूण केली नाही. ओल्या साड्या अंगाला चिकटल्या, सारवलेल्या अंगणात चिखल झाला, आणि त्या सगळ्या माना वर करून उभ्या राहिल्या. खाली घालायला सांगितलेल्या माना.

अधिकारी पुढे गेला, परत आला. त्याला गोष्ट ठाऊक नव्हती, पण आपण हरतोय एवढं त्याला कळलं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं. तो या टोकाला गेला, त्या टोकाला गेला. शेवटी रांगेच्या मधोमध उभा राहून त्यानं टोपी काढली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. इतक्या हळू, की वॉकीवाल्याला ते पुन्हा ओरडावं लागलं.

घागर कुठं पडली आणि कशी फुटली हे तिला कळलं नाही. ती पळत होती. पत्र्यांच्या मागे सासूबाई उभ्या होत्या, गोटीला दोन्ही हातांनी पुढे करून, जणू त्यांनीही हा सगळा वेळ तिला नुसतं धरूनच ठेवलं होतं.

"मला वाटलं थोपटावं हिला," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे गळत होते. "पण अगं... रांग उभी राहिली होती ना. मी थोपटलंच नाही."

ती तिथंच मातीत बसली, पदर ओढला आणि पोरीला जवळ घेतलं. हुंदके देत देत गोटी पिऊ लागली. मधेच थांबून तिनं आईकडे रागानं पाहिलं, परत पिऊ लागली.

बूट, चपला, सगळे गोळा झाले. पेवातून वर आलेली हिरॉईन बाहुली एका हातात लोंबकळत धरून विचारत होती, "काय झालं? मला कुणी सांगेल का वर काय झालं?" दिग्दर्शक थोड्या अंतरावर उकिडवा बसला.

"आजी, ही गोष्ट तुम्ही सांगितली होती."

"सांगितली होती," सासूबाई म्हणाल्या.

"मला हे परत घ्यायचंय. नीट, जवळून. बाळ रांगेसमोर, अधिकाऱ्याच्या हातात." त्यानं उन्हाकडे पाहिलं. अंगणाच्या अर्ध्या भागात सावली आली होती. "आत्ता घ्यायला हवं. ती परत रडेल का?"

गोटीच्या आईनं खाली पाहिलं. गोटीची मूठ सैल पडली होती, ओठ हलायचे थांबले होते. "पोट भरलंय तिचं. झोपली."

"जरा चिमटा..." वॉकीवाला म्हणाला आणि थोरल्या मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मेकअपताईंच्या मागे सरकला. मेकअपताईंच्या हातात अजून ती चपटी डबी होती, सवयीनं बरोबर आलेली. सासूबाईंची नजर त्या डबीवर गेली. त्या पुढे झाल्या, सुनेच्या आणि डबीच्या मधे येऊन बसल्या, आणि पदराच्या टोकानं गोटीच्या गालावर ओघळलेलं दूध पुसलं.

"उठली की बघू," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. "झोपलेलं लेकरू उठवत नाहीत. आणि उठली तरी आहे तशीच येईल. हिच्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही."

"पण मॅडमच्या शेजारी..." वॉकीवाल्यानं सुरुवात केली.

"मॅडम रांगेत उभ्या राहतील," थोरल्या मावशी म्हणाल्या. "जागा करू आम्ही. घागर उचलता येते का त्यांना?"

कुणी हसलं नाही. हिरॉईनसुद्धा नाही. तिनं हातातल्या बाहुलीकडे पाहिलं आणि ती कुठं ठेवावी हे न कळून आणखी थोडा वेळ तशीच धरून उभी राहिली.

दिग्दर्शकानं काही कबूल केलं नाही. नाही असंही म्हणाला नाही. तो सावलीकडे बघत राहिला, मग झोपलेल्या गोटीकडे, मग परत सावलीकडे. सावली त्याच्या हातात नव्हती, आणि आता गोटीही नव्हती. शेवटी तो उठला आणि मेकअपताईंना म्हणाला, "डबी आत ठेवा." एवढंच. उद्या सेट मोडायचा की नाही, ते त्याच्या कपाळावर अजून ठरत होतं.

वॉकीवाल्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला, नेहमीसारखा श्वास भरून घेतला, आणि मग त्याची नजर त्या काळ्याभोर, तुकतुकीत गालाकडे गेली.

"सगळे थांबा," तो कुजबुजला. "बेबी झोपलीय."